हॅलस्टोची जुनी हद्द

मे महिन्यातला गुरुवार, दुपारचे तीन. हॅलस्टो गावाची हद्द चालायचा दिवस. थिर्झा केरिजच्या हातात वाळुंजाची हिरवी काठी होती, मागे अकरा माणसं नि दोन कुत्री. हद्दीच्या प्रत्येक दगडाला काठीचे तीन फटके द्यायचे, ‘इथून आत जे आहेत ते आमचे’ असं मोठ्यानं म्हणायचं आणि पुढे निघायचं. शेवटचे फटके किनाऱ्यावरच्या ‘थ्री मॅकरेल’ पबच्या भिंतीला. तिथं पबवाली डल्सी बिअरचे मग भरून वाट बघत असते.

फटके मारून झाले, लोक आत शिरले. थिर्झा मात्र समुद्राकडे वळली.

“कुठं निघालीस, पोरी?” विल्फ स्माय दारातच थांबला. चर्चच्या किल्ल्या तीस वर्षं या म्हाताऱ्याकडे होत्या.

“खऱ्या हद्दीवर. ओहोटी आहे, दगड उघडा पडलाय.”

“बिअर गरम होईल.”

“डल्सीची बिअर गरमच असते.”

“ऐकू आलं हं मला!” आतून डल्सी ओरडली.

विल्फ हसला नाही. त्याला ठाऊक होतं ही का हट्टाला पेटलीय. रविवारी बिशपच्या कचेरीतला माणूस डोकी मोजायला येणार होता. चाळीस भरली नाहीत तर चर्चला कुलूप. आणि भर नाताळातही एकोणीसच्या वर कुणी जमत नव्हतं. याच चर्चमधून थिर्झानं दोन वर्षांपूर्वी आईला शेवटचा निरोप दिला होता. कॉलेज संपवून ती परतली ती गप बसून बघायला नव्हे. जुन्या नकाशात हद्द समुद्रात दोनशे पावलं पुढे होती. तशी धरली, तर खाडीपलीकडची बारा घरं हॅलस्टोत येत होती. तिथली पंचवीस माणसं यायला तयार होती. फक्त हद्द रीतसर चाललेली हवी होती.

“हद्द या भिंतीपर्यंत मागे आणली ती आळसानं नाही,” विल्फ म्हणाला. “तिथं खाली जुनं चर्च आहे. कडा कोसळला, तेव्हा कबरींसकट गेलं. त्या कबरींतले आपले नाहीत, असं गावानं ठरवलंय.”

“किती सोयीचं! आधी मेलेल्यांना सोडलं, आता जिवंतांनाही सोडा.”

काठी घेऊन ती एकटीच वाळूत उतरली.

ओली वाळू पायांना चिकटत होती. दगड कमरेएवढा, शेवाळानं काळा पडलेला. थिर्झानं तीन फटके मारले आणि जोरात हाक दिली, “इथून आत जे आहेत ते आमचे!”

वारा पडला. बघता बघता समुद्रावरून धुकं आलं आणि मागचा किनारा पुसून गेला. विझलेल्या मेणबत्त्यांचा वास आला… इथं, उघड्या वाळूवर.

आणि पलीकडून, पाण्याच्या बाजूनं, फटके ऐकू आले. एक… दोन… तीन.

“कोण आहे?”

ती पबच्या दिशेनं भराभर चालू लागली. मागे वाळू चुरचुरली. ती थांबली तशी चुरचुरही थांबली, पण लगेच नाही. एकदम थांबायला जमू नये इतकी पावलं होती ती.

ती दारात आली तेव्हा विल्फनं विचारलं, “किती जण गेला होतात तिकडे?”

“मी एकटीच.”

विल्फनं तिच्या खांद्यावरून धुक्यात पाहिलं आणि दाराला कडी घातली.

रविवारीही धुकं हटलं नाही. खाडीवरची नाव सुटली नाही, म्हणजे बारा घरांतलं कुणीही येणार नव्हतं. थिर्झानं पुढच्या बाकावरून मागे वळून डोकी मोजली. स्वतःला धरून एकोणीस. कचेरीचा माणूस, मिस्टर प्राइक, मागे दाराशी वही घेऊन उभा होता. संपलं सगळं, तिला वाटलं.

मग स्तोत्र सुरू झालं. एकोणीस गळ्यांच्या मानानं ते फारच भरदार निघालं. मेणबत्त्यांचा तोच वास आला. शेजारी विल्फची बोटं बाकाच्या कडेवर पांढरी पडली होती. “मागे बघू नकोस,” तो पुटपुटला. “गात राहा…”

ती गात राहिली.

प्रार्थना संपल्यावर प्राइक हसतमुखानं पुढे आला. मागचे सगळे बाक रिकामे होते.

“अभिनंदन, मिस केरिज! चौऱ्याहत्तर. कुलपाचा प्रश्नच नाही. मला सांगितलं होतं, इथं चिटपाखरूही नसतं म्हणून.”

थिर्झानं वळून त्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं.

“मागची मंडळी मात्र अबोल हं. फक्त एका बाईंनी विचारलं, हद्दीवर आम्हाला हाक कुणी दिली?” त्यानं वही मिटली. “मी तुमच्याकडे बोट दाखवलं.”

विल्फनं थिर्झाकडे न बघता हळूच बाकावरची टोपी उचलून छातीशी धरली. शवपेटी समोरून जाताना धरतात तशी.