जीपचा काळा धूर

सुनीलनं एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा उघडल्या, आत हात घातला आणि चटका बसावा तसा मागे ओढला.

"काका, हे बघा काय निघालं!"

फडक्याचा बोळा होता. वाळलेल्या रक्तानं कडक झालेला. सुनीलनं पान्याच्या टोकानं तो उलगडला, तसा एक तुटका दात फरशीवर पडला.

जीपचे मालक काकासाहेब वाकून बघू लागले.

संगमनेरच्या बाह्यवळणावरच्या पीयूसी केंद्रात त्यांची डिझेल जीप सकाळपासून नापास होत होती. सायलेन्सरमध्ये नळी घालून ॲक्सिलेटर दाबला की काळाकुट्ट धूर निघे आणि मशीनवरचा आकडा मर्यादा ओलांडून कुठल्या कुठे जाई. शेजारच्या गॅरेजातल्या सुनीलनं इंजिन तापवून पाहिलं, डिझेल पाहिलं, इंजेक्टर पाहिले. सगळं ठीक. "हिला श्वासच घेता येत न्हाई," असं म्हणत त्यानं शेवटी फिल्टर उघडला होता.

पोलीस ठाण्यात फोन गेला आणि उपनिरीक्षक धनश्री कडलग तडक आली. दात पाहताच तिचा चेहरा बदलला. गेल्या आठवड्यात सूर्यभान या डाळिंब बागायतदाराचा त्याच्याच बागेत पहारीनं डोकं फोडून खून झाला होता. प्रेताचा समोरचा एक दात ताजा तुटलेला होता आणि तो कुठंच सापडला नव्हता.

पहार बागेचा राखणदार आसाराम याची होती. पाथर्डीकडून पोट भरायला आलेला हा माणूस आदल्याच दिवशी मालकाशी भांडला होता. तो कोठडीत होता आणि ठाण्याच्या मोठ्या साहेबांच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं होतं.

धनश्रीच्या दृष्टीनं मिटलं नव्हतं. खुनाच्या सकाळी सूर्यभानचा तिला फोन आला होता. "मॅडम, दुपारी ठाण्यात येतो. घरातलंच हाय, फोनवर न्हाई सांगत." दुपार व्हायच्या आत त्याचं प्रेत तिच्यासमोर आलं होतं.

"काका, जीप कधीपासून धूर टाकतेय?"

"सूर्यभानला दवाखान्यात नेलं ना, त्या दिसापासनं."

"जीपमध्ये कोण कोण होतं?"

"मी चालवत हुतो. मागं सूर्यभान, त्याचा धाकटा भाऊ अंगद आन् आसाराम. लई रगत गेलं हुतं, पर जीव हुता मॅडम. घरघर चालू हुती. मागनं गाववाल्यांच्या मोटारसायकली येत हुत्या."

"वाटेत थांबलात?"

काकासाहेबांनी डोळे पुसले. "एकदा. मागनं कुनीतरी वरडलं, वायर जळतीय, थांबवा म्हनून. दोघंबी उतरले. बॉनेट उघडलं, त्यामुळं मला बसल्या जागेवरनं पुढचं काय दिसंना. तेवढ्या खोळंब्यात घात झाला. दवाखान्याच्या दारात प्रान सोडला त्यानं."

"कोण ओरडलं?"

"त्या घाईत कुनाला कळतंय?"

धनश्रीनं सुनीलकडे पाहिलं. त्यानं वायरिंगवरून हात फिरवला होता. "जळाल्याची खूण कुटंच न्हाई मॅडम. आन् ह्या डब्याला नुसत्या क्लिपा असतात. पाना लागत न्हाई."

फडकं तिनं नाकाशी नेलं. रक्ताच्या वासाखाली औषध फवारणीचा उग्र दर्प होता.

तिथून ती कोठडीवर गेली. आसारामचा एक डोळा सुजून बंद झाला होता. कबुलीसाठी त्याला कुणीतरी हाणलं होतं.

"जीप थांबली तेव्हा तू काय केलंस?"

"पानी आनाया गेल्तो बाई. शेजारच्या वस्तीवर."

"बागेत तू कुठं होतास?"

"मोटरीपाशी. हाकेच्या अंतरावर. मालक वरडले असते तर धावलो नसतो व्हय? आवाजच न्हाई आला. अंगददादानं हाक मारली तवा कळलं."

"हात दाखव."

त्यानं दोन्ही तळवे पुढं केले. घट्टे होते, भेगा होत्या. जखम नव्हती.

उन्हं कलताना ती अंगदच्या घरी पोचली. दाराशी सुतकाची शांतता होती. बायकोपोरं नसलेल्या थोरल्या भावाला अग्नी देऊन अंगद तेव्हापासून उंबऱ्याच्या आतच होता. उजव्या अंगठ्याला जाड पट्टी.

"हे काय झालं?"

"दादाला उचलताना जीपच्या पत्र्यानं कापलं," अंगद म्हणाला. "फाशी द्या त्या आसारामला मॅडम. माझा दादा बैलासारखा मारला त्यानं."

त्याची बायको सविता पाणी घेऊन आली. डावा हात प्लास्टरमध्ये, मानेवर पिवळट पडत चाललेले वळ.

"हाताला काय झालं, ताई?"

सवितानं नवऱ्याकडे पाहिलं. "गोठ्यात पाय घसरला."

धनश्रीनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. बाहेर पडताना तिनं विचारलं, "दहावा कुठं आहे?"

"प्रवरेच्या घाटावर. उद्या सकाळी."

सकाळी घाटावर सारा गाव जमला होता. अंगदचं मुंडण झालं होतं. गुरुजींनी पिंड मांडले, तेवढ्यात धनश्री दोन शिपायांसह पायऱ्या उतरली.

"अंगद, पट्टी सोड."

"मॅडम, ही येळ हाय का?" कुणीतरी म्हणालं.

"पट्टी सोड!"

अंगद हलला नाही. शिपायांनी त्याचा हात धरला आणि पट्टी ओढून काढली. अंगठा सुजून काळानिळा झाला होता. दोन्ही बाजूंनी दातांच्या खुणा खोल रुतल्या होत्या.

"हा पत्रा नाही. हे सूर्यभानचे दात," धनश्री म्हणाली. "मारायच्या आधी यानं फवारणीत तोंडाला बांधायचा रुमाल भावाच्या तोंडात कोंबला. म्हणून जवळच्या आसारामला आवाज गेला नाही. सूर्यभान कडकडून चावला, तेव्हा यानं अंगठा हिसडला आणि भावाचा दात तुटून रुमालात अडकला. मग आसारामचीच पहार घेऊन डोकं फोडलं. लोक यायच्या आत रुमाल ओढून खिशात घातला."

"पर जीपमधी कसा गेला?" काकासाहेबांनी विचारलं.

"दवाखान्यात पोलीस रक्ताचे कपडे काढून घेणार, हे याला ठाऊक होतं. मागून गाववाल्यांच्या मोटारसायकली येत होत्या, बाहेर फेकायची सोय नव्हती. म्हणून वायर जळतेय अशी थाप मारली. आसारामला पाण्याला पिटाळलं आणि बॉनेटच्या आडोशाला रुमाल फिल्टरच्या डब्यात कोंबला. भाऊ मागं घरघरत होता, त्यालाही तेवढाच उशीर झाला."

"तो मीच ठेवला असंल तर?" काकासाहेब पुटपुटले.

"तुम्ही ठेवला असता तर जीप आपण होऊन तपासायला नेली असती का? सुनीलनंही तो स्वतःच्या हातानं बाहेर काढला नसता. ज्याला जीपला पुन्हा हात लावता आला नाही, त्याचाच रुमाल आत राहिला. असे दोघंच. आसाराम कोठडीत होता. अंगद सुतकात. आणि आसारामच्या हाताला ओरखडासुद्धा नाही."

अंगदनं हिसडा मारला. शिपायाच्या नाकावर डोकं आपटून तो बायकांत बसलेल्या सवितावर धावला. "तूच सांगितलंस! जित्ती सोडत न्हाई तुला!" तिचा गळा त्याच्या मुठीत आला. काकासाहेबांनी त्याला मागून कव घातली, धनश्रीनं काठी मनगटावर हाणली आणि तिघांनी मिळून त्याला पायरीवर पालथा दाबला.

सविता खोकत खोकत उठून बसली.

"मी कायबी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "भिऊन गप बसले. यानं लाथ घातली, पोटातलं गेलं. हात मोडला. भावजी म्हनले, उठ, आज ठाण्यात जाऊ. मी वहाना घालून दारात वाट बघत हुते. ते आलेच न्हाईत."

अंगदला बेड्या घालून वर नेलं. शिव्या घाटावर घुमत राहिल्या. एक शिपाई आसारामला सोडायचा निरोप घेऊन पुढे पळाला.

पिंड तसेच पडले होते. गुरुजी गोंधळून माणसांकडे बघत होते. कुणी पुढे होईना.

सवितानं पदर खोचला आणि पाण्यात उतरली.

"पिंड मी देते," ती म्हणाली. "मंत्र सांगा."