नळीतलं पहिलं काडतूस

"काका, दार उघडत नाहीये!"

प्रमोदिनीने दोन्ही हातांनी दार ओढलं. बाहेरून कडी लागली होती. हरीकाकाला चहा द्यायला ती जरा आत शिरली काय, पहाऱ्यावरच्या शिपायाने तिच्यासकट खोली बंद केली! आणि आता हाका मारल्या तरी त्याचा पत्ता नव्हता.

"बस मग," हरीकाका कोरड्या आवाजात म्हणाला. "दुपारच्या मोटारीने मला अलिबागच्या कोठडीत नेणार आहेत. तोवर तरी सोबत."

चौलच्या वाडीच्या टोकाची ही हरीकाकाची काडतुसं भरायची बुटकी खोली. एकच खिडकी, तिलाही गज. भिंतीला शिसं वितळवायची पळी, कोपऱ्यात कुलूपबंद पेटी. प्रमोदिनीला एकदम गुदमरल्यासारखं झालं.

काल संध्याकाळी तिच्या वडिलांनी, भाऊंनी, डुकरावर रायफल झाडली आणि रायफलच फुटली. डाव्या हाताच्या चिंध्या झाल्या. भाऊ आता अलिबागच्या दवाखान्यात बेशुद्ध होते.

ती रायफल एका साहेबाकडून घेतलेली. खालची दांडी ओढली की नवं काडतूस चढायचं. पण तसली काडतुसं विलायतेहून यायची बंद झाली, मुंबईच्या बंदूकवाल्याने हात वर केले. मग हरीकाकाच रिकाम्या पुंगळ्यांत ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू आणि शिशाची गोळी भरू लागला. फौजदारांना एवढंच पुरलं. काडतुसं भरणारा हरी, आणि वाडीच्या वाटणीवरून भावाशी भांडलेलाही हरीच!

"काका, खरं सांग. दारू जास्त पडली का?"

"जास्त पडली असती तर मागचा कप्पा फुटला असता, भाऊच्या तोंडाशी. फुटलीय पुढे खालच्या बाजूला असते ती, काडतुसं साठवायची नळी. त्या नळीत काडतुसं एकामागे एक, रांगेत बसतात. मागच्याची गोळी पुढच्याच्या टोपीला टेकते. म्हणून मी गोळीचं नाक नेहमी चपटं ठेवतो. टोकदार ठेवलं, तर एका धक्क्यात टोपी उडेल आणि पुढचं काडतूस नळीतच फुटेल."

"आणि नळीत अगदी पुढे कुठलं काडतूस असतं?"

"जे पहिल्यांदा घातलं ते."

प्रमोदिनीचे डोळे चमकले. तेवढ्यात खिडकीपाशी बूट वाजले. फौजदार भागोजीराव!

"पोरी, तू आत कशी?"

"तुमच्या शिपायाला विचारा! पण आधी नळीत काय सापडलं ते दाखवा ना. दार नका उघडू हवं तर."

फौजदारांना हसू आलं. त्यांनी रुमालाची गाठ सोडली. एक चिंध्या झालेली पुंगळी, आणि तिच्यामागचं एक शाबूत काडतूस. गोळी टोकदार. बुडाला ताजा लाल ठिपका.

"कुंकू," प्रमोदिनी पुटपुटली. "धर्माला आणि सदाभाऊंना बोलवाल?"

वाडीचा माळी धर्मा आणि कारभारी सदा अंगणात येऊन उभे राहिले. प्रमोदिनीने गज घट्ट धरले.

"धर्मा, डुकरांमागे तूही असतोस. रिकाम्या पुंगळ्या कोण वेचतं?"

"आदी मीच वेचून काकांना देत व्हतो. मागल्या साली सदाभाऊंनी दोन-चार नेल्या. पोरांना खेलाया, म्हनले. आनि बाय, माज्यावर कशाला डोले वटारता? यंदा दसऱ्याला सोनं घेऊन आलो, तं दारातूनच परत धाडलंत!"

"सदाभाऊ, रायफल कोण पुसतं?"

"मीच. पुसून रिकामी भाऊंच्या हातात देतो. काडतुसांना माझा हात लागत नाही. दसऱ्याला ती पूजेत मांडलीत तेव्हा मी पनवेलला होतो, गेल्या आठवड्यात आलो. विचारा कुणालाही."

"विचारायची गरजच नाही! काका, पेटी उघड."

हरीकाकाने जानव्याला बांधलेली किल्ली काढली. पेटीतली काडतुसं त्याने एकेक करून गजांबाहेर धरली. सगळ्या गोळ्या चपट्या. लाल ठिपका एकालाही नाही.

"फौजदारसाहेब, दर दसऱ्याला शस्त्रांच्या पूजेत प्रत्येक काडतुसाच्या बुडाला कुंकू मीच लावते. सगळ्या घराला ठाऊक आहे. ज्याने चोरून ही काडतुसं भरली, त्याने ती काकाची वाटावीत म्हणून आठवणीने कुंकूही लावलं. रायफल पुसताना दोन आधीच नळीत सारली. मग भाऊंनी काकाची काडतुसं त्यांच्यामागे भरली. त्यांना कळणार कसं? पण यंदा आमच्याकडे पूजा झालीच नाही. नागावचे चुलत आजोबा नवरात्रात वारले. आम्हाला सुतक होतं. म्हणून तर धर्माचं सोनं परत गेलं!"

"सुतक?" सदा एकदम बोलून गेला. "मला कुणी बोललं नाही!"

धर्मा हळूच त्याच्यापासून दोन पावलं लांब सरकला.

"म्हणजे पूजेची खात्री एकट्या तुम्हालाच होती," प्रमोदिनी म्हणाली. "भाऊंनी तुम्हाला काय केलं होतं?"

उत्तर हरीकाकाने दिलं. "सुपारीची पोती परस्पर रेवदंड्याला जाताना भाऊने पाहिली होती. दिवाळीनंतर याला काढणार होता. फौजदारसाहेब, मी काल हे सांगत होतो, तुम्ही ऐकून घेतलं नाहीत."

सदाने कुंपणाकडे धाव घेतली. धर्माने वाटेतच त्याची कंबर धरली.

कडी निघाली. प्रमोदिनी उडी मारूनच बाहेर आली आणि तिने छाती भरून श्वास घेतला. सदाला आत ढकललं गेलं, तेव्हा कडी तिनेच घातली, दोनदा ओढूनही पाहिली.

"अगं, काय करतेस? चल!" हरीकाका चपला शोधत ओरडला. "दुपारची मोटार चुकेल. भाऊ शुद्धीवर येईल तेव्हा आपण समोर दिसायला हवं."