थंड समुद्रातला डावरा

बायबल आणा, त्यावर हात ठेवते! यातला शब्दन् शब्द खरा आहे, आणि जो हसेल त्याला आज केक नाही!

आमच्या ग्रिम्सबीच्या मासेमारी बंदरात काम उरलं नाही, तेव्हापासून म्हातारी माणसं कॉम्प्युटरवर फुटबॉलचे संघ चालवतात. संघ खोटे, खेळाडू खोटे, पैसे खोटे. भांडणं तेवढी खरी. मी आणि माझी भावजय म्युरिएल एकाच लीगमध्ये.

नवे खेळाडू हुडकायला त्यात एक शोध्या ठेवता येतो. त्याच्यासाठी जितके पैसे बाजूला काढाल, तितका तो जास्त धावपळ करतो. मी चिकट. ‘उत्तरेचा समुद्र’ हा भाग सगळ्यात स्वस्त होता, म्हणून तिकडे पाठवला.

“समुद्रात कोण फुटबॉल खेळतं गं, ऑलिव्ह?” म्युरिएल म्हणाली. “तसे तुझ्या संघापेक्षा मासे बरे खेळतील म्हणा.”

शोध्याचा अहवाल आला. क्लिफ बार्कवर्थ. वय एकोणीस. डावरा. दोष: शिट्टी वाजवतो. ठिकाण: आइसलंडच्या वर.

क्लिफ माझा थोरला भाऊ. एकोणीस वर्षांचा असताना त्याची मासेमारीची बोट तिथेच नाहीशी झाली. बोटीवर शिट्टी वाजवली की वादळ येतं, असं आमच्याकडे मानतात. तो ऐकायचा नाही. म्युरिएलचं लग्न त्याच्याशी ठरलं होतं. पुढे तिनं आमच्या धाकट्या भावाशी केलं.

कुणीतरी खोडी काढली असेल, असं मी धरून चालले. तरी शोध्याचे पैसे वाढवले. ठिकाण झालं फॅरो बेटं, म्हणजे आमच्या बाजूला सरकलेलं. आणखी वाढवले. शेटलंड, अजून जवळ.

म्युरिएलनं कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला.

“बंद कर ते.”

“खेळ आहे, बाई.”

“तो आला तर? मी कवळी घालणारी म्हातारी, घरभर नातवंडं. आणि तो एकोणीसचा. काय तोंडानं दार उघडू?”

तिच्यासमोर मी शोध्याचे पैसे शून्यावर आणले.

अहवाल तरीही आला. ‘आता खर्च खेळाडू स्वतःच करतो आहे. शुक्रवारी तिकडे यायला निघेल.’

म्युरिएलनं तो दोनदा वाचला. मग हळूच म्हणाली, “शुक्रवारी कपडे धू.”

घरचा माणूस बोटीवर निघतो, त्या दिवशी आमच्याकडे कुणी कपडे धूत नाही. धुतले तर लाट त्याला धुऊन नेते. ती काय मागत होती ते मला कळलं. तिलाही कळत होतं.

शुक्रवारी मी कपडे धुतले. वाळत घातले.

अहवाल थांबले.

म्युरिएलला आता झोप लागते.

बरं, बायबल ठेवलंय ना समोर, तर एक सांगून टाकते. एवढं एकच बनवलेलं आहे. कपडे मी धुतलेच नाहीत. माझा भाऊ आहे तो. धुण्याची टोपली अजून तशीच भरलेली आहे, न्हाणीघरात.

फक्त आज सकाळी तिच्यात वरती एक मोजा होता. जाड लोकरीचा, गुडघ्यापर्यंतचा, बोटीवर घालतात तसला. ओला.

तो मी टाकलेला नाही.