यासीनचा अडलेला शब्द

सांगलीच्या हळद बाजारासाठी यासीन जो प्रोग्रॅम लिहीत होता, तो त्याच्या माघारी अर्धाच राहिला. त्याच्या मौतीचा चाळिसावा दिवस झाला आणि त्याच्या ऑफिसातल्या मल्हारनं यासीनच्या बहिणीला, सुमैराला, फोन केला. "तुमालाबी कोडिंग येतंय ताई. लॅपटॉप बी तुमच्याकडंच हाय. तेवढं पुरं करून द्या."

भर दुपारी, अम्मी आत भाकरी थापत असताना, सुमैरानं भावाचा लॅपटॉप उघडला.

यासीन बोलताना अडखळायचा. 'स'वर तर लय. बहिणीला मारायची हाकसुद्धा ओठांत अडकायची. मग सुमैराच त्याचा शब्द पुरा करून मोकळी व्हायची. शेवटचा फोनही तसाच झाला. तो गाडी घेऊन कोयनानगरजवळचा घाट उतरत होता.

"सु... सु..."

"सुमैराच बोलतीय भाई. बँकेत हाय. घरी आलास की बोलू." तिनं फोन ठेवला. तासाभरात पोलिसांचा फोन आला. गाडी दरीत गेली होती.

ती लिहू लागली. दोन अक्षरं टाकली की कोड लिहायचा एडिटर खाली शब्दांची यादी धरायचा. कंस उघडला की आत काय भरायचं, ते कुठल्या प्रकारचं, आकडा की मजकूर, हेही बारीक अक्षरांत दाखवायचा. हात भराभर चालत होता.

सुक्या हळदीसाठी तिनं 'सु' टाकलं. यादीत एकच शब्द आला.

सुमे.

असं तिला फक्त भाई म्हणायचा. त्यानंच कुठंतरी लिहून ठेवलं असेल म्हणून तिनं सगळा कोड धुंडाळला. कुठंच नव्हतं. तिनं तो शब्द निवडला, कंस उघडला. बारीक अक्षरं उमटली.

ब्रेक : नाही.

भाकरीचा वास गेला. खोलीत ओल्या मातीचा, पेट्रोलचा वास दाटला.

तिनं मल्हारला फोन लावला. "ह्यो एडिटर शब्द... आपोआप सुचवतो ना?"

"यासीनच्या लॅपटॉपवर? न्हाई ताई. त्यानं ते पयल्याच दिवशी बंद केलंय. म्हनायचा, जल्मभर लोकांनी माझे शब्द पुरे केले, हितं तरी मीच करणार."

सुमैरानं सेटिंग उघडून पाहिलं. बंदच होतं.

ती सेटिंगमधून कोडवर परत आली तेव्हा पडदा कोरा होता. मग, तिनं हात न लावता, एक अक्षर उमटलं. 'स'. बऱ्याच वेळानं त्याच्यापुढं आणखी एक. 'स'.

पुढचा शब्द तिच्या अगदी जिभेवर आला. तिनं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.

"सुमैरा, जेवतीस ना गं?" अम्मीनं आतून विचारलं. सुमैराच्या डोळ्यांतलं पाणी बोटांवरून ओघळत होतं, पण तिनं हात काढला नाही.

संध्याकाळची अजान झाली, तेव्हा पडद्यावर चार 'स' होते.