खुणेच्या खाली

आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये डबे ठेवायला बंदी आहे आणि ती बंदी सगळे बिनदिक्कत मोडतात. त्यामुळे बाटलीतलं दूध जरा कमी दिसलं तेव्हा मी आधी आमच्या जुन्या साहाय्यकांकडे पाहिलं.

"चहात घातलंत की काय?"

"मॅडम, आईचं दूध आहे ते," ते दुखावून म्हणाले. "आणि मी कोराच पितो."

दूध माझ्या भावजयीचं होतं. तिचा मुलगा सातव्या महिन्यातच जन्मला, आमच्याच इस्पितळात, खालच्या मजल्यावर. नर्स त्याला लाडानं मूठभर म्हणायच्या. इतक्या लवकर आलेल्या बाळांच्या आतड्यात जंतू शिरतात आणि वाढायला त्यांना लोह लागतं. ते लोह काढून घेणारं औषध दिलं तर जंतू उपाशी मरतील आणि बाळाची प्रतिकारशक्ती तग धरेल, यावर मी कित्येक वर्षं काम करते आहे. औषध अजून बाळांना द्यायच्या योग्यतेचं झालेलं नाही. मूठभर त्यासाठी थांबला नाही.

भावजयीचं दूध मात्र थांबेना.

"ताई, बेसिनमध्ये ओतवत नाही गं. तुझ्या कामाला येईल?"

आईच्या दुधातही लोह धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. तुलनेसाठी मला ते हवंच होतं. निम्म्या बाटल्यांत मी औषध मिसळायचे, निम्म्या तशाच ठेवायचे.

दूध पुन्हा कमी झालं. मी बाटल्यांवर खुणा केल्या, बुचांना सील लावलं, फ्रिजला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. सकाळी सील शाबूत होतं आणि दूध खुणेच्या खाली. बाटली गळत नव्हती, वजन केलं तरी तेवढंच कमी भरत होतं. औषध घातलेल्या बाटल्या जशाच्या तशा होत्या. जात होतं ते फक्त नुसतं दूध, आणि दिवसेंदिवस जास्त जात होतं.

बाळाला दूध वजनाच्या हिशेबानं पाजतात. मी तो हिशेब उलटा केला, गेलेल्या दुधावरून वजन काढलं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं असावं तेवढं वजन आलं. पुढच्या आठवड्यात त्याहून जास्त. बाळानं चांगलं अंग धरलं होतं.

मी घाबरायला हवं होतं. मी लवकर कामावर यायला लागले. बाटली रिकामी दिसली की जीव भांड्यात पडायचा. त्याला मी काचेच्या पेटीत, हातमोज्यातूनच काय ती शिवले होते. मला मूल नाही. आत्या म्हणून तरी एकदा त्याला छातीशी धरायला मिळावं, एवढीच माझी हाव होती.

मग भावजय आली. डोळे खोल गेले होते.

"डॉक्टर म्हणतात, दूध आटवायची गोळी घे. कपडे भिजले की मला त्याचं रडणं ऐकू येतं गं. पण तुझं काम अडणार असेल तर नाही घेत."

अडेल, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. शब्द ओठांपर्यंत आला होता. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"घे," मी म्हणाले. "माझं काही अडत नाही."

शेवटची बाटली लगेच संपली. मी दुसऱ्या आयांचं दूध ठेवलं. ते खुणेवरून हललं नाही. पावडरचं ठेवलं, तेही तसंच राहिलं. फ्रिजचं दार धरून मी हळूच म्हटलं, "घे रे राजा. थोडं तरी पी."

काही नाही.

तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही.

मग एका सकाळी कुलूप काढताना छाती जड लागली. दोन्ही बाजू घट्ट होऊन ठणकत होत्या. ॲप्रन पुढून ओला झाला होता.

माझी पन्नाशी उलटली आहे. गर्भाशय काढून कैक वर्षं झाली.

मी प्रयोगशाळेचं दार आतून लावलं. स्टुलावर बसले. हात मांडीवर ठेवले.

थोड्या वेळानं डावी बाजू हलकी होऊ लागली.

उजवी तशीच ठणकत होती.