वाळूवरची दुसरी काठी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हा प्रसंग ज्यांच्यावर गुदरला ते माझे सख्खे मामा आहेत, आणि थापा मारणं त्यांना जन्मात जमलेलं नाही.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं. दुपार नुकतीच कलली होती.

मामा तेव्हा बंदराच्या मोजणी खात्यात होते. काम एका छोट्या उपसागरात होतं. किनारा घोड्याच्या नालेसारखा आत वळलेला, दोन्ही टोकांना खडक. ओहोटीला मधोमध वाळूचा पट्टा उघडा पडतो. भरती मात्र महालबाड. ती आधी पट्टा आणि किनारा यांच्यामधली घळ भरते, म्हणजे परतीची वाट पहिली बंद होते.

मामांनी पट्ट्यावर लाल-पांढरी मापकाठी धरून उभं राहायचं. किनाऱ्यावरून जोडीदार दुर्बिणीतून माप घेणार. त्याने दोन्ही हात वर करेपर्यंत जागा सोडायची नाही, हा धंद्याचा नियम.

डबा खाताना जोडीदार म्हणाला, "भाऊ, जपून हं. परक्यांचं पहिलं जहाज इथे आलं, तेव्हा नकाशासाठी त्यांनी एका कोळ्याला तिथेच उभं केलं होतं. हातात बांबू देऊन. आम्ही हात वर केले की ये, म्हणाले."

"मग?"

"मग काय... नकाशा झाला. वारा फिरला. जहाज निघून गेलं. हात वर करायचे राहूनच गेले."

"आणि तो येडा उभाच राहिला?"

"बंदुका रोखून, हललास तर बायकापोरांना मारू असं बजावलं होतं, भाऊ. भरती चढली तरी हलणार कसा?"

"तुझ्यासारखाच जोडीदार मिळाला असेल बिचाऱ्याला," मामा हसले, आणि काठी घेऊन निघाले.

पट्ट्यावर पोचले तेव्हा वारा पडला होता.

मग पक्ष्यांचा आवाज थांबला.

मग... लाटांचाही.

जोडीदार दुर्बिणीत वाकलेला. मधेच डोकं वर काढी, डोळे चोळी, पुन्हा वाके. हात काही वर करीना.

टाचांना गार लागलं. मामांनी जोडीदारावरची नजर खाली आणली. घळ भरली होती.

"अरे, आटप!" ते ओरडले. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

नियम गेला खड्ड्यात, म्हणून ते पाय उचलायला गेले.

पाय उचलेचना.

चिखल नव्हता. वाळू घट्ट होती. आणि त्यांच्या शेजारी, हाताच्या अंतरावर... अनवाणी पावलांचे दोन ठसे होते. बोटं किनाऱ्याकडे. जवळच बांबूच्या टोकाएवढं एक गोल भोक.

ठसे हळूहळू खोल जात होते.

पाणी गुडघ्यांवर आलं. मग कमरेवर. मामांना भयंकर भीती वाटली. मामी डोळ्यांपुढे आली. शेजारी कुणीतरी दात वाजवत श्वास घेत होतं.

शेवटी जोडीदाराने दोन्ही हात वर केले!

पाय तसेच.

पाणी छातीला लागलं. मामा येत नाहीत हे बघून जोडीदार घाबरला आणि त्याने पुन्हा दोन्ही हात वर फेकले.

त्याच क्षणी पाय सुटले. काठी टाकून मामा पोहत निघाले. त्यांच्या पुढे आणखी कुणीतरी पाणी कापत चाललं होतं. दिसत काहीच नव्हतं.

किनाऱ्यावर जोडीदार पांढराफटक पडला होता. "भाऊ, तुमच्या शेजारी कोण होतं? दोन काठ्या दिसत होत्या, म्हणून तर थांबलो. माप कुठल्या काठीचं घेऊ?"

मामा आता निवृत्त झालेत. पण खिडकीशी, ओट्यापाशी, कुठेही जरा वेळ उभे राहिले की पाय जागचे हलत नाहीत. मग मामी समोर येते, दोन्ही हात वर करते आणि म्हणते, "झालं. या आता."

आणि पुन्हा एकदा हात वर करते.

"दुसऱ्यांदा कशाला गं?" मी एकदा विचारलं होतं.

"एकदा विसरले होते," ती म्हणाली. "दिवसभर दाराबाहेर कुणीतरी उभं होतं."

परवा मामा आमच्याकडे आले होते. निघताना दारात अडकले. रिक्षा थांबली होती, मी घाईत हात वर केले. एकदाच. मामा सुटले, गेले.

तेव्हापासून उंबऱ्याबाहेरची फरशी वाळत नाहीये. दोन पावलांपुरतीच ओली आहे. बोटं घराकडे.

मी कितीदा तरी हात वर केले. तो हलत नाही.

त्याला कुणाचे हात हवेत, कोण जाणे...