अडलेल्यांचं मत

मिरजेच्या त्या छोट्या कारखान्यातल्या चाचणीकक्षात काचेच्या तीन बरण्या होत्या. प्रत्येक बरणीतल्या कोमट क्षारजलात एकेक पंप फिरत होता. आवाज इतका मऊ, की तान्ह्या बाळानं झोपेत उसासा टाकला असता तर तोच मोठा वाटला असता. तिन्ही पंप एकाच बाईसाठी राखीव होते.

ती बाई म्हणजे पद्मावती मगदूम, साऱ्यांच्या आक्का. वय एकोणऐंशी. खिडकीखालच्या कट्ट्यावर बसून त्या भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. चौथा पंप त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात होता आणि त्याच्या दोन नळ्या पदराआडून छातीत शिरत होत्या. या पंपाचं नाव हृदयसाथी. त्याच्या पोटात फिरणाऱ्या चक्राला कारखान्यात चाती म्हणत. चाती आठ दिवसांत झिजायची, म्हणून आठ दिवसांनी नवी घडवायची. नऊ माणसं, नऊ टप्पे. मैना ऐवळे शेवटची घासणी करी, आणि घासता घासता स्वतःच रचलेलं गुणगुणे:

माझ्या हातची गं चाती फिरे आक्काच्या उरात,
तिथं चाले तिचा श्वास, इथं दिवा माझ्या घरात.

दर तीन वर्षांनी व्हायची ती मालकांच्या मतांची मोजणी आज होती. त्यासाठी पुण्याहून डॉ. शर्वाणी तांबट आल्या होत्या. उद्योगसंस्था कशा बांधल्या जातात आणि त्यांचा कारभार कुणी करावा, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. शेजारी आक्कांचे शल्यविशारद डॉ. हुक्केरी उभे होते.

"मला एक कळत नाही," हुक्केरी म्हणाले. "भांडवल घालतो तो मालक, एवढं मला ठाऊक. इथं पेशंट मालक कसा?"

"भांडवलवाला नाराज झाला तर पैसे काढून दुसरीकडे जातो," शर्वाणी म्हणाल्या. "करारात सगळं काही लिहून ठेवता येत नाही, डॉक्टर. न लिहिलेलं समोर आलं की कुणीतरी ठरवावं लागतं. ज्याला निघून जाता येत नाही, त्यानं ठरवावं. नाहीतर बाकीचे त्याची अडवणूक करतात. हृदयसाथी लावलेला माणूस जाणार कुठे? म्हणून या कारखान्याच्या घटनेत मतं पैशावर नाहीत, अडकेवर आहेत."

"आणि अडक मोजायची कशी?"

शर्वाणींनी डब्याएवढ्या यंत्रावर हात ठेवला. "हा अडकमापक. कारखाना उद्या बंद झाला तर तुमचं काय जाईल, ते हा काढतो. त्यातून दुसरीकडे मिळण्यासारखं असेल ते वजा करतो. उरते ती अडक. जितकी अडक, तितकी मतं. एके काळी इथं अकराशे मालक होते. मग पेशीहृदय आलं."

"स्वतःच्याच पेशींतून वाढवलेलं," हुक्केरींनी मान हलवली. "सगळ्यांना बसवलं. आक्कांच्या वयाला तेव्हा धोका होता, आता नाही. पाच महिने झाले, यांचं हृदय तयार आहे! पंप फक्त डावी बाजू ओढतो, उजवा कप्पा दमलाय. फार तर तीन महिने तग धरेल. पण या ऐकतील तेव्हा ना."

"ऐकू येतंय मला," आक्का कट्ट्यावरून म्हणाल्या. "दमलंय ते हृदय, कान न्हाईत."

मग शेंगांचं सूप बाजूला सारून त्या शर्वाणींकडे वळल्या. "बाई, मी हृदय बदललं की इथं चाती कुणासाठी घडायची? कारखाना बंद. ही नऊ माणसं दुसरं काय शिकल्यात? माझ्या एका जिवापायी नऊ चुली विझवू? माझी मतं त्यांच्या नावावर करा, म्हणजे काहीतरी नवं घडवतील. ते झालं की टेबलावर झोपते. तोवर न्हाई."

"मतं देता येत नाहीत, आक्का, मोजावी लागतात. पण तुमच्यापुढे आता दुसरा रस्ता आहे, तेव्हा तुमची अडक उतरेल आणि यांची वरचढ ठरेल. कारखाना आपसूक यांचा होईल."

आक्कांचा चेहरा उजळला. "मग मोजा की!"

एकेकानं अडकमापकावर अंगठा ठेवला. ज्याच्या त्याच्या संमतीनं यंत्र श्रमपेठेतल्या नोकऱ्यांच्या नोंदी चाळत होतं. मुकादम इलाही शिकलगार मात्र मागं मागं सरकत होता. "माझं काय मोजायचं? राहू द्या की."

"ठेव रे अंगठा," आक्का गरजल्या. त्यानं ठेवला.

आक्का, शून्य. इलाही, शून्य. मैना, शून्य. नऊच्या नऊ शून्य. शर्वाणींनी यंत्र बंद करून पुन्हा चालवलं. तेच.

"बिघडलंय," हुक्केरी म्हणाले.

शर्वाणी नोंदी वाचत होत्या. वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला. "इलाहीचाचा, बेळगावात तुमच्यासाठी जागा राखून ठेवलीय. दोन वर्षं झाली. मैनाताई, तुम्हाला तर तीन ठिकाणांहून बोलावणं आहे. नऊही जणांना आहे, इथल्यापेक्षा चांगलं."

आक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "इलाही, खरं?"

इलाहीनं मान डोलावली.

"मग गेला का न्हाईस?"

"मी गेलो की आठ उरतात, आक्का. आठांत चाती होत न्हाई."

"आणि मी पाच महिने या डॉक्टरला न्हाई म्हणत बसलीय!" आक्कांनी मूठभर टरफलं त्याच्या अंगावर फेकली. "सांगायचं न्हाईस, मेल्या?"

"सांगितलं असतं तर हाकललं असतं तुम्ही आम्हाला."

कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक ओढलं. हुक्केरींनी हळूच विचारलं, "मग आता कारखाना कुणाचा?"

"कुणाचाच नाही," शर्वाणी म्हणाल्या. "यंत्र बंद दारं मोजतं. उघड्या दारात कुणी आपणहून थांबलं असेल, तर ते त्याला दिसत नाही. घटनेप्रमाणे अडक नाही तर मत नाही, आणि मत नाही तर हुकूमही नाही. या घटकेपासून इथं कुणी कुणाला काम सांगू शकत नाही."

आक्कांनी पदरानं डोळे पुसले. "तारीख सांगा, डॉक्टर."

"पुढचा मंगळवार. पण आताची चाती जेमतेम रविवारपर्यंत टिकेल, आणि बरणीतले पंप जुने आहेत, तासा-दोन तासांपुरतेच. अजून एक नवी लागेल."

सगळ्यांनी सवयीनं इलाहीकडं पाहिलं. एकोणीस वर्षं कामाची हाक तोच देत आला होता. त्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. मग तो अवघडत मैनाच्या मेजापाशी गेला.

"मैना, एवढी एक चाती... करशील का गं?"

मैनानं मान वर केली नाही. सहाण तिच्या हातात केव्हाचीच होती.

"विचारताय काय, चाचा? सरका तिकडं, उजेड अडतोय."